म्हाळूचे चौदा दिवस

"मेंढरं जाऊ द्या. माणूस थांबवा," हवालदार म्हणाले, आणि म्हाळूला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

ऊन डोक्यावर आलं होतं. नगरकडून आष्टीकडे येणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या हद्दीपाशी आडवा बांबू टाकलेला. बाजूला मांडव, आणि मांडवात तोंडाला फडकी बांधून बसलेली चार-दोन सरकारी माणसं. बांबूच्या अलीकडे म्हाळू, त्याची बायको अंजू, मेंढरांचा कळप आणि पाठीवर सगळा संसार लादलेलं एक घोडं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नगरकडे उतरायचं आणि मिरगाच्या तोंडावर परतायचं, हा म्हाळूचा बापापासूनचा शिरस्ता. एरवी शेतकरी हाताला धरून न्यायचे, आमच्या रानात बसवा म्हणायचे, लेंडीखतासाठी वर धान्य द्यायचे. यंदा रोगाची साथ आली आणि तेच शेतकरी बांधावरून दगड दाखवायला लागले. बाजार बंद, गावं बंद, हापशावर पाणी भरायला गेलं तर बाया हंडे टाकून पळायच्या. शेवटी चैत्रातच दोघांनी माघारीची वाट धरली होती.

माघारी यायला आणखी एक कारण होतं. कुसळवाडीहून आशाताई वनमालाचा फोन आला होता. म्हाळूची आई, छबुबाई, तिचा एक डोळा पहिल्यापासूनच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन पाडव्यानंतर शिबिरात व्हायचं होतं, ते शिबिर रोगामुळं बंद पडलं. आता पुन्हा कधी भरेल, कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारीला वीतभर अंतरापुढचं नीट दिसेना झालं होतं. तिनं निरोप धाडला होता : उजेड हाय तवर एकदा तुजं तोंड बघू दे.

"सायेब, मेंढरं एकली कशी जातील?" म्हाळूनं हात जोडून विचारलं. हात जोडायचे म्हणून त्यानं आपली काठी अंजूकडे दिली होती.

हवालदारांनी कागद उलटा केला. "जनावरं, चारा, दूध यांना मुभा आहे. जनावरांबरोबर राखणदार एक."

"आमी दोघं हाव."

"मग एक राखणदार आणि एक प्रवासी. प्रवाशाला शिक्का मारून चौदा दिवस अलग ठेवायचं. राखणदार कोण?"

म्हाळू तोंड उघडणार तोच हवालदारांची नजर काठीवर गेली. काठी अंजूच्या हातात होती. त्यांनी कागदावर अंजूचं नाव लिहिलं आणि बांबू वर केला.

"सायेब, आमी दोघं एका पालात निजतो, एका ताटात जेवतो," म्हाळू काकुळतीला आला. "तिला जर न्हाई तर मला कसा आसंल रोग?"

"ते घरगुती झालं. मी नियमाचं बोलतोय."

मेंढरं बांबूखालून पुढे गेली. घोडं गेलं. अंजूनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "मी आत्याबाईला सांगते, येत्यात म्हनून. तुमी जल्दी या." म्हाळूच्या डाव्या हातावर जांभळा शिक्का बसला. जन्मात पहिल्यांदा तो मेंढरांशिवाय रस्त्यावर उभा होता, आणि हाताचं काय करावं ते त्याला समजेना.

त्याला टेम्पोत घालून एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लांबूनच कपाळाला यंत्र लावलं. "ताप नाही. घरी जा. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही."

म्हाळूचा जीव भांड्यात पडला. त्याला घरीच तर जायचं होतं! चौदा दिवस आईच्या खाटेपाशी बसायचं, तिला पोटभर तोंड दाखवायचं. असला रोग दरवर्षी आला तरी चालंल, असा एक वेडा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. राहिलेली वाट तो चालत निघाला आणि दिवस मावळायच्या आत गावाच्या शिवेवर पोचला.

शिवेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. काट्यांच्या पलीकडे खुर्ची, आणि खुर्चीत सरपंच अमरसिंह. पांढरी कापडं, गळ्यात उपरणं, ते नाकावर ओढलेलं.

"तिथंच थांब रं म्हाळू. कुठं निघालास?"

"घरी, पाटील. डाक्टरनं सांगितलंय, घरातच ऱ्हा म्हनून."

"डॉक्टरनं तालुक्याचा नियम सांगितला. गावाचा नियम गाव करतं. भाईरून आलेला मानूस शाळंत ऱ्हाईल. सख्खा भाऊ आसला तरी शाळंत. मी भोंग्यावरून सांगितलंय."

म्हाळूनं जरा घुटमळत विचारलं, "तुमचे जावाई पुन्याहून आल्यात म्हनं, ते बी शाळंतच हायत का?"

अमरसिंहांनी उपरणं नीट केलं. "त्ये मळ्यात हायत. शाळंत संडासाची सोय न्हाई, त्यांला जमत न्हाई."

"आन् मला?"

"तुझा जलम मोकळ्या रानात गेला. तुला काय त्याचं?"

म्हाळू काट्यांच्या कडेकडेनं शाळेकडे वळला.

कुसळवाडीची शाळा म्हणजे एक लांबडी खोली. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, पाढ्यांचा तक्ता, आणि एक जाळीची खिडकी. सभोवार अजिनाथ गुरुजींनी चुन्याची रेघ मारली होती. गुरुजींची नेमणूक राखणीला झाली होती. माणूस स्वभावानं मऊ, अंगानं भरलेला आणि रोगाला भयंकर भ्यालेला. दिवसभर ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि फोनवर येणारे आदेश वाचत. आदेश रोज येत. कधी संध्याकाळचा आदेश सकाळच्या आदेशाला खोडून काढी. तेव्हा गुरुजी दोन्ही वाचून दाखवत, आणि म्हणत, "आता यातला कुठला पाळायचा ते उद्या कळेल."

अंजू मात्र सगळ्या गावात मोकळी फिरत होती. ती राखणदार होती. मेंढरं तिनं गावाबाहेरच्या पडीक रानात कोंडली होती. सकाळी घरी जाऊन म्हातारीला भाकरी करून घालायची, मग फडक्यात बांधून म्हाळूची भाकरी रेघेवर आणून ठेवायची. सहा महिने ज्याच्या ताटात जेवली त्याच्यापासून आता ती दहा पावलांवर उभी राहायची.

"आये काय म्हनती?" म्हाळू रोज विचारी.

"रोज इचारत्यात, आला का. मी म्हनते आलेत. म्हनत्यात, मग हाय कुठं?"

"तू काय सांगती?"

"शाळंत म्हनते. तर म्हनत्यात, ह्या वयात कावून?"

दिवस सरत आले. म्हाळूनं बोटांवर मोजून ठेवलं होतं, परवा सुटका. तेवढ्यात पुण्याकडच्या वीटभट्टीवरून बंकट आला आणि गुरुजींनी त्याला त्याच खोलीत आणून सोडलं, कारण शाळेला खोलीच एक होती. दुसऱ्या दिवशी गुरुजी खाली मान घालून रेघेपाशी आले.

"म्हाळू, खोलीत नवा माणूस आला की आधीच्याचे दिवस पहिल्यापासून धरायचे, असं आलंय."

"पर गुरुजी, त्याला तुमीच तर आनून घातला!"

"मी घातला खरा. पण मोजणी तुझी."

बंकट तसा बरा माणूस होता. घोरायचा, पण मन लावून ऐकून घ्यायचा. दोन-तीन दिवस झाले असतील, त्याच्या भट्टीमालकानं फोनवर एक दाखला पाठवला की हा इसम निरोगी आहे. दाखला पाहून सरपंचांनी बंकटला घरी सोडलं. बंकट गेला, त्याच्या पायी नव्यानं मोजायला घेतलेले दिवस मात्र म्हाळूपाशीच राहिले.

"तुमी बी आना की दाखला," अंजू म्हणाली.

"मला कोन देनार? मेंढरं?"

मधेच एकदा आशा पालवली. नगरहून आलेल्यांना बंधन नाही, फक्त मुंबई-पुण्याच्या माणसांना आहे, असं आलं. गुरुजींनी हसत हसत सांगितलं, "उद्या सकाळी सोडतो." म्हाळूनं घोंगडी झाडून घडी केली, तांब्या फडक्यात बांधला आणि बसून राहिला. सकाळी गुरुजी आले तेव्हा हसत नव्हते. आता नगरचंही नाव यादीत आलं होतं.  म्हाळूनं घोंगडीची घडी उलगडली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मेंढरू आजारी पडलं की असंच तोंड फिरवतं, हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी अंजूनं आणलेली भाकरी रेघेवर तशीच वाळली.

हे तिनं घरी जाऊन सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी काठीचं एक टोक अंजूच्या हातात, दुसरं आपल्या हातात धरून छबुबाई स्वतः शाळेवर आली.

गुरुजी लिंबाखालून लगबगीनं उठले. छबुबाई रेघेपाशी थांबली, कपाळावर आडवा हात धरला आणि समोर जो पांढरा ठिपका दिसला त्याला डोळे भरून पाहू लागली.

"म्हाळ्या! आरं, लई सुटलास की रं!" ती म्हणाली. "मेंढरामागं हिंडून मानूस आसा सुटतो व्हय?"

"आजी, मी गुरुजी आहे," गुरुजी अवघडून म्हणाले.

"आवाज बी बदलला बाई ह्याचा!"

"आये, मी हितं हाय! खिडकीत!" आतून म्हाळू ओरडला.

छबुबाईनं मान वळवली. खिडकीच्या जागी तिला नुसता काळा चौकोन दिसत होता. तिनं मान इकडे केली, तिकडे केली.

"कुठं रं?"

"हितं. ह्यो बघ, हात हालवतोय."

"न्हाई दिसत."

म्हाळूनं डोक्याचं तांबडं पागोटं सोडून जाळीतून बाहेर काढलं आणि हलवलं.

"तांबडं काय तरी हाललं," छबुबाई म्हणाली.

"ते माजं पागोटं हाय आये!"

"मंग? मी पागोटं बघाया आले व्हय?"

गुरुजींना हसू आलं. पण म्हातारी मटकन खाली बसली तसं ते जिथल्या तिथं जिरलं. ती रडली नाही. रेघेच्या अलीकडे मातीत बसून राहिली, आणि काठीनं जमीन उगाच टोकरत राहिली. आत म्हाळू जाळीला कपाळ टेकवून उभा होता. पन्नाशीला आलेला बाप्या, पण हुंदका आवरता आवरेना. अंजूनं पदर तोंडाला लावला. 

मग छबुबाईनं अगदी सावकाश विचारलं, "गुरुजी, ही रेघ कुनी वलांडली तर काय करत्यात?"

"ओलांडून आतल्या माणसाला शिवलं, तर त्याला संपर्कातला म्हणतात आजी. मग त्यालाही आत ठेवावं लागतं."

"कुनाला बी?"

"कुणालाही."

"म्हातारं मानूस आसलं तर?"

"म्हाताऱ्यांना तर आधी जपायचं. तसा आदेशच आहे."

"आन् सरपंच शिवला तर?"

गुरुजींनी इकडे तिकडे पाहिलं. "नियम... सगळ्यांना सारखा आहे."

"बरं झालं बाबा इचारलं," छबुबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. काठीच्या टोकानं तिनं रेघ चाचपली. पाण्याचा पाट ओलांडावा तसं लुगडं घोट्यावर धरलं आणि पाऊल पलीकडे टाकलं.

"आजी! आजी, थांबा!" गुरुजी धावले, पण जवळ जायची सोय नव्हती, म्हणून ते म्हातारीच्या भोवतीनं अंतर राखून गोल गोल धावले. अंजूला हात धरता आला असता. तिनं धरला नाही. भिंत चाचपत म्हातारी खिडकीपाशी पोचली, जाळीच्या फटीतून बोटं घातली आणि हाताला लागलं ते पकडलं. ते म्हाळूचं नाक होतं.

"ह्योच," ती म्हणाली.

सरपंच आले तेव्हा निम्मं गाव ओट्यांवर येऊन बघत होतं. अमरसिंह रेघेच्या बाहेरूनच कडाडले, "आजे, ह्ये काय केलंस?"

"शिवले."

"आगं पर कावून?"

"दिसत न्हाई म्हनून."

अमरसिंहांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा ओट्यांकडे. हिला घरी सोडावं तर उद्या सगळं गाव रेघ ओलांडणार. आणि सख्खा भाऊ असला तरी शाळेत, हे तर त्यांनीच भोंग्यावरून ओरडून सांगितलेलं. शेवटी त्यांनी खूण केली. वनमालाताईंनी हातमोजा चढवून शिक्का आणला. जन्मभर अंगठाच दिलेल्या छबुबाईनं सवयीनं अंगठा पुढे केला; वनमालाताईंनी तो हळूच मिटवून मनगटावर शिक्का मारला. गुरुजींनी दार उघडलं, आणि म्हातारी देवळात शिरावं तशी पायातली चप्पल बाहेर काढून आत गेली.

त्या दुपारी तिनं म्हाळूला दाराच्या उजेडात बसवलं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपल्या डोळ्यापाशी आणलं आणि सुपातलं धान्य निवडावं तसं बारीक बघायला लागली. आधी कपाळ. मग भुवया. मग एक गाल, मग दुसरा. म्हाळूला लाज वाटत होती, पण तो हलला नाही.

"दाढी पांढरी झाली रं तुजी."

"झाली आये."

"कवा?"

"झाली मागंच. तुला दिसली नसंल."

"तुजा बाप बी आसाच दिसाया लागला व्हता शेवटाला," ती म्हणाली आणि थोडा वेळ नुसतीच बोटं फिरवत राहिली. मग तिनं त्याची मान वळवली आणि कान बघायला घेतले. म्हाळूचे डोळे मिटत आले होते. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच झोप आल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात गुरुजींचा आवाज आला. "म्हाळू! म्हाळू, सुटलास तू!"

गुरुजी फोन उंच धरून रेघेपाशी उभे होते. चेहरा आधी उजळलेला, आणि पुढचं वाचता वाचता उतरत गेलेला. शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या, लक्षणं नसलेल्या माणसांना तात्काळ घरी पाठवायचं होतं. घरातून बाहेर पडायचं नाही, दारावर कागद लावायचा. आणि नव्यानं संपर्कात आलेल्यांनी मात्र पुरे दिवस शाळेतच काढायचे होते.

"मंग आयेला घिऊन जातो," म्हाळू उठला.

"त्यांना नाही. त्या आजच्या आहेत."

"मंग मी बी हितंच ऱ्हातो."

"तुला राहता येणार नाही. लक्षणं नसताना ठेवला तर माझ्यावर कारवाई होईल."

"मंग तिला काय लक्षनं हायत?"

"त्या तुझ्या संपर्कात आल्या ना."

"पर गुरुजी, मला तर काय झालंच न्हाई!"

"म्हणून तर तू सुटलास," गुरुजी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी मान फिरवली.

म्हाळू उंबऱ्यात बसला. उठेना. सरपंचांना पुन्हा बोलवावं लागलं. ज्या माणसाला आत ठेवण्यासाठी एवढे दिवस राखण केली, त्याला बाहेर काढण्यासाठी दोघांना अर्धा तास समजूत घालावी लागली. अखेर छबुबाईच म्हणाली, "जा रं. त्यांच्या नोकरीचं हाय ते. मी काय एकली मरत न्हाई हितं." तो उठला तेव्हा तिचा हात अजून त्याच्या कानापाशीच होता. ती काहीतरी सांगत होती, पण सरपंच भोंग्यासारखे बोलत असल्यामुळं त्याला ऐकू आलं नाही.

घराच्या दारावर कागद लागला. म्हाळू आत गेला. ज्या घरासाठी तो एवढं अंतर चालून आला होता, त्या घरात आता आईची रिकामी खाट होती, खाटेखाली तिचा पानाचा बटवा होता आणि चूल थंड होती. त्यानं खाटेकडे तोंड करून भुईवरच अंग टाकलं. शाळेत निदान बंकट होता घोरायला.

सकाळी अंजू आली. भाकरीचं फडकं तिनं उंबऱ्यावर ठेवलं आणि अंगणात मागं सरून उभी राहिली. आता तिला दोन ठिकाणी भाकरी पोचवायची होती.

"आये रडत व्हती का?"

"न्हाई. गुरुजीला इचारत व्हत्या, मोजनी कालपास्नं धरायची का आजपास्नं."

"गुरुजी काय म्हनले?"

"उद्या कळंल म्हनले." अंजू थोडी थांबली. "तुमाला निरोप हाय एक."

"काय?"

"तुमच्या उजव्या कानामागं गोचीड हाय म्हनल्या. काढनारच व्हते, तवर गुरुजी आले."

म्हाळूनं हात कानामागं नेला. होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, फुगलेली. घोंगडीतनं आली असणार. कपाळाला तर रोज कुणी ना कुणी यंत्र लावत होतं. कानामागं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं नखानं ओढून पाहिली. निघेना.

"वढू नगा, मुंडकं आत ऱ्हाईल," अंजू म्हणाली. तिनं दारावरच्या कागदाकडे पाहिलं, मग गल्लीकडे पाहिलं.

"येऊ नगंस. कोन बघंल, मंग तुला बी—"

"गप बसा जरा," अंजू म्हणाली, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आली. "हं. मान वाकडी करा."